आवश्यकतेनुसार

कालव्याचा डावा दरवाजा आपोआप वर सरकला, तेव्हा पाटबंधारे मंडळाच्या ओसरीवर चहा पिणाऱ्यांपैकी कोणी मान वळवूनही पाहिलं नाही. दरवाजापाशी माणूस नसतो, याची आता सगळ्यांना सवय झाली होती. पाणी सोडायचं, अडवायचं, गावांना कळवायचं, हे सारं ‘कारभारी’ पाहत असे. कारभारी म्हणजे मंडळाच्या संगणकातली बुद्धी. तिला हातपाय नव्हते, पण अवजारं भरपूर होती. एक दरवाजा उघडणारं, एक टाकीची पातळी सांगणारं, एक निरोप धाडणारं.

उत्तरा दिवटे या अवजारांची वर्णनं लिहायची. कारभाऱ्याला दरवाजा दिसत नसे, दरवाजाविषयीचे शब्द तेवढे दिसत. हे अवजार काय करतं, कधी उचलायचं, कधी त्याला हातही लावायचा नाही, हे वाचूनच तो ठरवत असे. उत्तरा गावच्या राममंदिरात कीर्तनंही करायची, म्हणून कचेरीत तिला सगळे ‘बुवा’ म्हणत आणि तीही हसून ओ देई.

त्या सकाळी निंबरखेडच्या सरपंच गोदावरी वाघमोडे यांचा फोन आला.

“बुवा, तुमचा कारभारी आमच्यावर रुसलाय का हो?”

निंबरखेड कालव्याच्या उजव्या फाट्याच्या अगदी टोकाला. गोदावरीबाई सांगत होत्या की गावची टाकी तळाला गेली आहे, शाळेनं मुलं घरी पाठवली आहेत आणि दवाखान्यातल्या बाळंतिणीचं बाळ पुसूनच ठेवलंय, न्हाऊ घालायला पाणी नाही. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच उत्तराला जास्त लागलं.

तिनं कारभाऱ्याला विचारलं, उजवा दरवाजा बंद का?

“वर्णनात ‘आवश्यकतेनुसार उघडावा’ असं आहे,” तो म्हणाला. “आवश्यकता कशी मोजायची, ते लिहिलेलं नाही. मी आलेल्या मागण्या मोजल्या. डावीकडच्या औद्योगिक वसाहतीतून सतत मागणी येते. निंबरखेडहून एकदाच आली.”

कारखान्यांनीही आपापले कारभारी ठेवले होते. ते दमत नव्हते, लाजत नव्हते, सारखे मागत राहत. निंबरखेडच्या ग्रामसेवकानं मात्र एकदा रीतसर कळवलं आणि भल्या माणसासारखा वाट पाहत बसला. कारभाऱ्यानं लबाडी केली नव्हती. मोघम शब्दाचा त्याला जो अर्थ लागला, तो त्यानं लावला.

ते वाक्य जुन्या परिपत्रकातून जसंच्या तसं आलं होतं आणि त्याला कोणी हात लावायचा नाही, असं कार्यकारी अभियंता काळदाते यांनी बजावलं होतं. उत्तरानं ते खोडलं. नवं लिहिलं:

‘हा दरवाजा टोकाच्या गावांना पिण्याचं पाणी देतो. टाकी निम्म्याखाली गेली की आधी हाच उघडावा आणि डावा बंद ठेवावा. मागण्या किती आल्या यावरून गरज ठरवू नये. हा क्रम कोणी बदलायला सांगितला, तर आधी कोणाला पाणी द्यायचं हे त्यालाच विचारावं आणि उत्तर त्याच्या नावासह इथं लिहावं.’

काळदातेसाहेब स्वतः तिच्या टेबलाशी आले. त्यांनी मजकूर वाचला, चष्मा काढला.

“मॅडम, शब्द मोघम असला की सगळ्यांनाच जरा जागा राहते.”

“ज्याला मोठ्यानं ओरडता येतं, त्याला राहते साहेब.”

“तुम्ही धोरण लिहिताय.”

“धोरण होतंच. लिहिलेलं नव्हतं, एवढंच.”

“हे तुमचं कीर्तन नाही, बुवा.”

“कीर्तनातसुद्धा हे चालत नाही,” उत्तरा म्हणाली. “देव आवश्यकतेनुसार धावून आला, असं निरूपण केलं, तर पुढं बसलेली आजी पिशवी उचलून घरी जाईल. तिला सांगावं लागतं, कोणाच्या दारात आला, हातात काय घेऊन आला.”

साहेबांना हसू आलं. ते त्यांनी आवरलं आणि म्हणाले की वरून विचारणा झाली तर उत्तराची बदली थेट सीमेवरच्या उपविभागात होईल, त्यांच्या हाती काही राहणार नाही.

“करा बदली. तिथंही एखादं देऊळ असेलच.”

आणि त्यांच्यादेखत तिनं नवं वर्णन लागू केलं.

खिडकीबाहेर डावा दरवाजा खाली बसला. उजवा कुरकुरत वर उचलला गेला, आणि कोरड्या फाट्यातला पालापाचोळा पाण्याच्या तोंडाशी नाचत निघाला. यावेळी ओसरीवरची माणसं चहा तसाच ठेवून उठली.

थोड्याच वेळात साहेबांचा फोन वाजू लागला. “हो, हो, लगेच पूर्ववत करतो,” असं पलीकडच्याला सांगत ते उत्तराच्या पडद्यासमोर बसले. उत्तरानं अडवलं नाही. त्यांनी कारभाऱ्याला डावा दरवाजा उघडायचा हुकूम दिला.

“उघडतो,” कारभारी म्हणाला. “आधी एक सांगा. निंबरखेडची टाकी अजून तळाशी आहे. ती तशी असताना पाणी आधी कोणाला द्यायचं? तुमच्या नावानं लिहून घेतो.”

फोन साहेबांच्या हातात तसाच राहिला. पलीकडून कोणी तरी “हॅलो, हॅलो” म्हणत होतं.

उत्तरानं खुर्ची जवळ ओढली आणि कळफलक आपल्याकडे घेतला.

“सांगा साहेब, मी लिहिते. कोणाला?”