हाताआधी अक्षरं

ऐन कामाच्या दिवशी मॉनिटरनं मान टाकली. एका म्हाताऱ्या नावाड्याची मुलाखत ऐकून संध्याकाळपर्यंत टाइप करून द्यायची होती, आणि टायपिस्टबाईंचं आधीच कशात लक्ष नव्हतं. वडील हॉस्पिटलमध्ये होते. हृदयाचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं, धाकटा भाऊ सोबतीला होता, उद्या घरी सोडणार होते. तरी जिवाला घोर लागायचा तो लागलाच होता.

वडिलांच्या खोलीतला भलामोठा टीव्ही चार दिवस नुसता बसून होता. तिनं कॉम्प्युटर तिथं नेला, केबल जोडली, उन्हाची तिरीप नको म्हणून पडदे ओढले आणि वडिलांच्या खुर्चीत बसली. खुर्चीला अजून त्यांच्या बामाचा वास येत होता. हेडफोन चढवून ती टाइप करू लागली, तर अक्षरं रमतगमत उमटायची. बोटं ओळीच्या शेवटी पोचली तरी टीव्ही आपला अर्ध्यातच. वैतागून तिनं भावाला फोन लावला.

"ताई, टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असेल, तो चालू कर. टीव्ही चित्र सजवत बसतो, म्हणून उशीर होतो."

"बाबा कसे आहेत?"

"मजेत. नर्सला पत्ते शिकवतायत. तू काम कर गं, दर दहा मिनिटांनी काय विचारतेस!"

गेम मोड लावताच अक्षरं बोटांबरोबर धावू लागली. पहिली वीस मिनिटं कशी गेली, तिला कळलंही नाही.

मग तिला खोकला आला. हात थांबले. 'दोर तुटला आणि होडी' एवढंच तिनं ऐकलं होतं, एवढंच टाइप केलं होतं. टीव्हीवर मात्र पुढे 'खडकावर आपटली' उमटलं. क्षणभरानं कानात नावाडी म्हणाला, "खडकावर आपटली."

सवयीनं बोटं चालली असतील, असं तिनं स्वतःला समजावलं. मग खात्री करायला तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. समोर ओळ पुरी झाली, खाली 'प्रश्न:' आलं, 'उत्तर:' आलं. कीबोर्डची एकही कळ हलत नव्हती.

तिनं मुलाखत बंद केली, हेडफोन काढून टेबलावर ठेवले. खोलीत टीव्हीची बारीक गुणगुण तेवढी राहिली, आणि तापलेल्या धुळीचा वास.

'प्रश्न: हॅलो?'

'उत्तर: कारकूनबाई, जेवलीस का?'

फोन वाजला. भावाचा नंबर.

"हॅलो?" न राहवून तिच्या तोंडून गेलंच.

"कारकूनबाई, जेवलीस का?" वडिलांचा आवाज. खणखणीत, चेष्टेखोर. तिला रडू फुटायचंच बाकी होतं. टीव्हीला पुढचं आधी कळत होतं; बाबांपाशी आत्ता कुणीतरी हवं, एवढंच तिला सुचलं.

"बाबा, नर्सला बोलवा... आत्ता. लगेच."

हे वाक्य टीव्हीवर आधीच होतं. खाली त्याचं उत्तरही.

"अगं, ती आत्ताच गेली. दोन डाव हरली बिचारी. तुझा भाऊ चहा प्यायला गेलाय, त्याचा फोन इथंच, म्हटलं तुला छळावं. तर झालं काय, मी टाकला एक्का..."

ते रंगात येऊन सांगत होते. तिची नजर मात्र खाली सरकली.

'प्रश्न: बाबा?'

'उत्तर:'

'प्रश्न: बाबा, ऐकताय ना?'

'उत्तर:'

'प्रश्न: बाबा...'

दोन्ही उत्तरांपुढे कोरी जागा होती. कानात वडील अजून बोलत होते, हसत होते.

नाही विचारणार. तिनं मनाशी घट्ट ठरवलं. काही झालं तरी हा प्रश्न मी विचारणारच नाही. प्रश्न नाही, तर मग ते पुढचंही नाही.

"...आणि तिचा चेहरा असा पडला म्हणतेस..."

हसू अर्ध्यातच थांबलं. फोनमध्ये काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

तिनं तळहात तोंडावर गच्च दाबला. दात बोटांत रुतले, तरी सोडला नाही.

टेबलावर ठेवलेल्या हेडफोनमधून, हळू पण स्पष्ट, तिचाच आवाज आला.

"बाबा?"