मुदगलातली कुजबुज

"चावणं थांबव आणि ऐक," गुलनार म्हणाली.

नऊ वर्षांच्या परहामने तोंडातला पिस्ता तसाच गालात धरला. दोघं झूरखान्याच्या, म्हणजे गल्लीतल्या जुन्या तालमीच्या छपरावर, घुमटाला पोट टेकून पडले होते. सकाळचं ऊन मातीच्या घुमटाला नुकतंच लागलं होतं. वरच्या झरोक्यातून उबदार वाफ येत होती आणि तिच्याबरोबर ढोलाचा नाद. मुलींना खाली आखाड्यात मज्जाव होता, पण छपरावर कोण अडवणार? शिवाय ढोलावर गात व्यायामाला ताल देणारे मुर्शिद गुलनारचे सख्खे आजोबा होते. त्यांना सगळे आगाजून म्हणत. नवरोजची, म्हणजे नव्या वर्षाची, सुट्टी लागल्यापासून गुलनार रोज इथे यायची, डोळे मिटायची, आणि मग इराणातल्या यज्द शहराची सगळी मातकट घरं, घरांत वारा खेचून घेणारे सगळे मनोरे त्या नादावर सावकाश तरंगायला लागायचे. बारा वर्षांच्या तिच्या आयुष्यात याहून सुंदर काही नव्हतं.

आज मात्र काही केल्या तरंगता येईना.

मोठ्यांचं आटोपून खाली पोरांची पाळी चालली होती. लाकडी मुदगलांच्या जोड्या खांद्यांवरून पाठीमागे जात होत्या, पुढे येत होत्या. ढोलाच्या दोन थापांच्या मधे काहीतरी सळसळलं. सुपात तांदूळ पाखडावेत तसं.

"ऐकलंस? मुदगल कुजबुजतोय."

"लाकूड कसं कुजबुजेल? तुझ्या कानात मळ असेल."

"आणि आगाजून पोरांसाठी ढोल हळू वाजवतायत. गेल्या आठवड्यापेक्षा बराच हळू. का?"

परहामने पिस्ता चावून टाकला.

थोड्या वेळाने त्याचा मोठा भाऊ बर्झीन जिन्याने वर आला. हा गुलनारचा मावसभाऊ, तेरा वर्षांचा. एरवी दोन-दोन पायऱ्या चढणारा पोरगा आज उजवा हात डाव्या हातात धरून आला आणि भिंतीला टेकून बसला.

"उद्यापासून मी येणार नाही," तो म्हणाला. "ताकदच गेली माझी. गेल्या महिन्यात हीच जोडी चाळीस वेळा फिरवायचो. आता पंधरातच खांद्याची आग होते. आणि नवरोजच्या बाराव्या दिवशी सगळ्या मोहल्ल्यासमोर खेळ आहे. हसतील सगळे."

"खाले मीनूला सांगितलंस?" गुलनारने मावशीबद्दल विचारलं.

"आईला? ती हॉस्पिटलात दिवसभर लोकांचे सांधेच बघते. तिला कळलं तर तालीम बंदच. आणि तालमीतले अमू फरामर्ज म्हणतात, दुखलं की समजायचं ताकद येतेय."

गुलनारला फार वाईट वाटलं. चार वर्षांचा असल्यापासून हा मुलगा लाटणी खांद्यावर घेऊन घरभर फिरायचा. तालीम सुटली तर त्याच्याकडे उरणार तरी काय?

"ताकद अशी महिन्याभरात जायला ती काय पाहुणी आहे?" ती म्हणाली. "तुझ्यात काही नाही. त्या जोडीत काहीतरी आहे. बघायला हवं."

बघायचं कसं, हा प्रश्नच होता. मुदगल तालमीबाहेर न्यायला बंदी, आणि दारासमोरच अमू फरामर्जचं सायकलचं दुकान. सगळ्यांचे अमू, म्हणजे काका, हे आखाड्याचे म्होरके, पोरांना तेच शिकवायचे. दुपारी सगळं यज्द झोपलं तरी त्यांच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही.

"दारातून नाही तर वरून," गुलनार म्हणाली.

दुपारी गल्ल्या ओस पडल्या. बर्झीन पंचे घड्या घालायच्या निमित्ताने आत गेला. झरोक्यातून उन्हाचा एकच झोत आखाड्याच्या मधोमध पडला होता आणि त्यात धूळ इतकी हळू फिरत होती की गुलनार क्षणभर कशाला आलो हेच विसरली. मग तिने दोर सोडला. बर्झीनने डाव्या हाताने मुदगल बांधला आणि बाजूला झाला.

"पाठ वाकवू नकोस," तो खालून म्हणाला. "गुडघ्यात वाक आणि पायांनी जोर लाव."

"गुरुजी, तुमचा खांदा सांभाळा," गुलनार म्हणाली. तरी तिने गुडघे वाकवले. मुदगल वर आला आणि तिच्या लक्षात आलं की इतकासा मुदगल इतका जड असूच शकत नाही.

कोपऱ्यावरचा हलवाई नुकताच दुकान उघडत होता. परहामने पंच्यात गुंडाळलेला मुदगल मागच्या जिन्याने नेऊन त्याच्या काट्यावर ठेवला.

"हे काय, लाकडाची मिठाई?" हलवाई जांभई देत म्हणाला. "साडेचार किलो."

मुदगलावर मात्र अडीचचा आकडा रंगवलेला होता.

छपरावर परतल्यावर गुलनारने मुदगल उलटा केला. बुडाचा हिरवा रंग एका ठिकाणी जरा जास्तच ताजा होता. नखाने खरवडल्यावर मेण लागलं, मेणाखाली लाकडी बूच. ते निघालं तशा चकचकीत गोळ्या तिच्या ओंजळीत ओघळल्या. सायकलच्या चाकातले छर्रे. त्यांना ग्रीसचा वास येत होता.

मोहल्ल्यात सायकलचं दुकान एकच होतं.

"पण अमू माझ्यावर जीव टाकतात," बर्झीन शेवटी म्हणाला.

"मग जीव टाकायचा होता, छर्रे कशाला टाकले?" परहाम म्हणाला.

"परहाम, तूच जा आणि विचार," गुलनार म्हणाली. "भोळा चेहरा करून. तुला तो करावा लागत नाही म्हणा."

परहाम गेला आणि पाच मिनिटांत सगळं घेऊन आला. न सांगता वजन वाढवलं तर कळतं का, एवढंच त्याने विचारलं होतं. अमू खुशीत आले होते. "अरे, हाताला वजन कळतच नाही," ते म्हणाले होते, "घाबरतं ते मन. मनाला पत्ता लागू दिला नाही, तर हात हत्तीसुद्धा उचलेल."

"म्हणजे पोरांचं भलंच करायला निघाले होते," बर्झीन म्हणाला.

"भलं करता करता तुझा खांदा गेला असता. आणि आपण तोंडाने सांगायला गेलो तर ते हसून उडवतील," गुलनार म्हणाली. "त्यांच्याच हाताला विचारू या."

दुसऱ्या दिवशी व्यायाम झाल्यावर मंडळी नेहमीप्रमाणे अंगणातल्या हौदाभोवती चहाला बसली. खांद्यावर पंचे, अंगातून वाफा, हौदात आभाळ. गुलनारने चहाचे पेले फिरवले आणि पितळी साखरदाणी अमू फरामर्जपुढे ठेवली. खाले मीनूला तिने कालच सगळं सांगून ठेवलं होतं. ती ड्युटीवर जाता जाता दाराशी येऊन उभी होती. तिला पाहून बर्झीनने मान खाली घातली.

अमू कुठल्याशा जुन्या पहिलवानाची गोष्ट रंगवून सांगत होते. बोलता बोलताच त्यांनी दोन बोटांनी साखरदाणी उचलली. मनगट कलंडलं. साखरदाणी गालिच्यावर आपटली. वरचा साखरेचा थर उडाला आणि त्याखालचे धुतलेले छर्रे घरंगळत हौदात पडले.

"हे साखरदाणीत कुणी भरलं?"

"मी," गुलनार म्हणाली. "तुमच्या मनाला पत्ता लागू दिला नव्हता, अमू. तरी हाताला कळलं."

बर्झीनने मुदगल त्यांच्यासमोर ठेवला. "यातले आहेत. अडीच किलोचा मुदगल काट्यावर साडेचार भरला."

अमू फरामर्ज मुदगलाकडे बघत राहिले. "बाराव्या दिवशी पोरांचं नाव व्हावं, एवढंच वाटत होतं," ते पुटपुटले.

खाले मीनू पुढे आली. तिने बर्झीनचा खांदा चाचपला, हात हळूच वर करायला लावला. तो विव्हळला. "सांधा सुजलाय. दोन आठवडे मुदगलाला हात लावायचा नाही. आणि अशाच्या अशा खांद्याने तू खेळात उतरला असतास ना, तर वर्षभर शाळेची पिशवीसुद्धा उचलता आली नसती."

"आणि तालीम?" बर्झीनने डोळे मिटून विचारलं. "बंद?"

"बंद कशाला?" ती म्हणाली. "मुलांनी ताकद कमवावीच. हाडं भरतात, पाठ ताठ राहते, झोप छान लागते. वजनाने उंची खुंटते म्हणतात त्या निव्वळ थापा. पण आधी पद्धत शिकायची, मग वजन. तेही हलकं, थोडं थोडं वाढवायचं, आणि सांगून. शिकवणाऱ्याने डोळ्यांत तेल घालून बघायचं. आणि दुखतंय हे लपवायचं नाही, साहेब. आईपासून तर मुळीच नाही."

बर्झीनने डोळे पुसले आणि पुसले नाहीत असं दाखवलं.

आगाजूननी गुलनारला जवळ बोलावलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरांचे हात मागे पडत होते आणि माझा ढोल त्यांच्यामागून हळू होत होता," ते म्हणाले. "मला वाटलं, मीच म्हातारा झालो. साठ वर्षं ढोल वाजवतोय, पण नीट ऐकलं ते या पोरीने. आज तिघांनी आखाड्याची लाज राखली."

बारावा दिवस उजाडला तेव्हा छपरावर गुलनारच्या आजूबाजूला गल्लीतल्या सात-आठ मुली दाटीवाटीने पडल्या होत्या. खाली पोरांनी छर्रे काढून दुरुस्त केलेल्या जोड्या अशा झरझर फिरवल्या की आगाजूनच्या बोटांना उसंत मिळेना. बर्झीन त्यांच्याशेजारी कठड्यावर बसून मोजणी करत होता, आणि कुणाची पाठ वाकली की ओरडत होता.

मग अमू फरामर्जची पाळी आली. आखाड्यात जोडी उचलण्याआधी वडीलधाऱ्यांकडे बघून परवानगी मागायची असते. अमूंनी जोडी पुढ्यात ठेवली. सगळ्या ज्येष्ठांवरून त्यांची नजर फिरली आणि कठड्यावर बसलेल्या बर्झीनवर येऊन थांबली. त्यांनी त्याच्यापुढे मान झुकवली.

"परवानगी आहे?"

ढोल थांबला. बर्झीनचे कान लालबुंद झालेले गुलनारला वरूनही दिसले.

"वजन किती ते आधी सांगा, अमू," तो म्हणाला.

"एकेक अकरा किलो. आज सकाळी हलवायाकडून तोलून आणली."

"मग उचला," बर्झीन म्हणाला, आणि आगाजूननी ढोलावर थाप मारली.