गोड्या पाण्याचा हौद

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटते, त्यानं पडेगावला आमच्या घरी यावं आणि माझ्या भावाची पाठ बघावी.

गेल्या वर्षीची वैशाख अमावास्या. भर दुपार. बिडकीनच्या पुढचं एक खारं तळं. नाव सांगणार नाही, नाहीतर लोक रील काढायला पोचतील.

मी चारुता. मी आणि माझा धाकटा भाऊ हिमांशू तिथल्या पक्ष्यांसाठी काम करतो. उन्हाळ्यात पाणी आटलं की शेकाट्या नावाचे लांब पायांचे पक्षी पांढऱ्या खारावर अंडी घालतात. त्या वर्षी कुत्र्यांनी बहुतेक घरटी फस्त केली होती. कुत्री यायची ती काठावरच्या हौदातलं गोडं पाणी प्यायला.

तो हौद गावातल्या वच्छलाबाई दर अमावास्येला भरायच्या. बहात्तरच्या दुष्काळात तहानलेली गुरं या तळ्याचं पाणी प्यायली आणि तडफडून मेली, म्हणून.

हौद फोडायचं मीच सुचवलं. हे मला लिहावंच लागेल.

वच्छलाबाई आडव्या आल्या. "फोडू नका बाई. ते लई तहानलेले हायत. पाणी नाय भेटलं तर माणसाला चाटतेत."

आम्ही हसलो. हिमांशूनं पहारीचे चार घाव घातले. पाणी मातीत जिरलं, आणि तो घामाघूम झालेला तसाच उरलेली घरटी मोजायला तळ्यात उतरला. मी वही घेऊन काठावर बसले.

आधी टिटव्या गप्प झाल्या.

मग वारा पडला.

मग... घुंगरं. एका बैलाची नाही. अख्ख्या कळपाची.

तळ्यावर एकही जनावर नव्हतं.

हिमांशू मागे वळला आणि... तोंडावर आपटला. उठला, पुन्हा आपटला. काहीतरी त्याला तुडवत होतं. बरगडी मोडल्याचा आवाज मला काठावर ऐकू आला. शर्ट टराटरा फाटला. आणि मग पाठीची कातडी निघायला लागली... पट्ट्यापट्ट्यानं, खालून वर, खसाखसा.

"ताई, पाणी दे त्यांना," एवढंच तो ओरडत होता.

मी पाच लिटरचा कॅन उघडून जमेल तेवढा लांब भिरकावला. घुंगरं तिकडे धावली. मी हिमांशूला बखोटीला धरून ओढत आणलं.

खारावर पावलं होती ती फक्त आमची.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गाडीमागे किती लांब फरफटत गेला?

हिमांशू वाचला. हौद मी पुन्हा बांधून घेतला आणि दर अमावास्येला स्वतः भरायला लागले. संध्याकाळपर्यंत तो कोरडा व्हायचा. मला वाटलं, सुटलो.

गेल्या अमावास्येला मी चार वाजेपर्यंत बसून होते. हौद काठोकाठ... थेंबही कमी झाला नव्हता.

मग आईचा फोन आला. गच्चीवरची टाकी सकाळीच भरली होती, ती कोरडी पडली होती.

"आणि चारू, हिमांशूच्या पाठीतून परत रक्त येतंय. खोलीत कोणी नाही गं... पण घुंगरं वाजताहेत."

तेव्हापासून आम्ही त्याच्या पलंगाभोवती चार बादल्या भरून ठेवतो.

आज सकाळी चारही रिकाम्या होत्या. अमावास्या अजून अकरा दिवसांवर आहे.