पेर्मेस्सो

चेर्वियातल्या त्या छोट्या हॉटेलात जानेवारीत एकाच मजल्याचं हीटिंग चालू होतं. वरचे मजले कुलूपबंद होते. जिन्याखाली खुर्च्या एकावर एक रचल्या होत्या आणि जेवणघराच्या कोपऱ्यात समुद्रावरच्या छत्र्या गुंडाळून उभ्या केल्या होत्या. लाटा गावात शिरू नयेत म्हणून हिवाळ्यात तिथे बुलडोझरनं वाळूचा उंच बांध घालतात. त्यामुळे खिडकीतून समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता.

मालकीण आर्जियाबाईंनी दोघांची ओळखपत्रं घेतली आणि चष्म्यावरून त्यांना न्याहाळलं.

"या दिवसांत समुद्रावर दोनच तऱ्हेची माणसं येतात," त्या म्हणाल्या. "एक नवं लग्न झालेली आणि दुसरी पोलिसांना चुकवणारी. तुम्ही कुठली?"

"लग्न तर फार जुनं आहे," फोस्को म्हणाला.

"म्हणजे पोलीस. असू दे, मी नाही सांगत कुणाला."

फोस्को हसला. बायकोकडे, नीवेसकडे त्यानं चोरून पाहिलं, पण ती भिंतीवरच्या उन्हाळ्यातल्या फोटोंकडे पाठ करून उभी होती.

त्यांची एकुलती एक मुलगी मार्झिया गेल्या हिवाळ्यात गेली होती. बरेच महिने अंथरुणाला खिळून होती. ती गेल्यापासून नीवेसनं जेवण टाकल्यातच जमा होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर शेकडो पोरांना दटावून जेवू घालणारी ही बाई. आता तिच्यापुढे ताट ठेवलं की ते कुणा दुसऱ्याचं असावं तशी बघत बसायची. रोव्हिगोच्या घरात तर श्वास घेणंही जड झालं होतं. बाजारात निघालं की शेजारीपाजारी मान कलती करून विचारायचे, कसं चाललंय? म्हणून फोस्कोनं गाडी काढली. हंगाम सरलेल्या किनाऱ्यावर कोण कुणाला काय विचारणार? गावागावानं मुक्काम करत दक्षिणेकडे जायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं. पोरगी हातची गेली होती. आता बायकोही त्याच्या डोळ्यांदेखत विरत चालली होती, आणि तिला कसंही करून धरून ठेवायचं, याखेरीज त्याला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नीवेस कोटासकट पलंगावर पडली होती. फोस्को रेडिएटरशी खटपट करत होता. त्याची सगळी नोकरी बॉयलर दुरुस्त करण्यात गेली होती, आणि परक्या खोलीतही रेडिएटर नीट तापत नसला की त्याला चैन पडत नसे. तेवढ्यात दाराकडून बाईचा आवाज आला.

"पेर्मेस्सो?"

त्या देशात कुणाचाही उंबरा ओलांडायच्या आधी हा शब्द म्हणतात. येऊ का, म्हणून. दार सताड उघडं असलं, घर सख्ख्या बहिणीचं असलं, तरी म्हणतात. आणि आतल्या माणसाच्या तोंडून उत्तर आपोआप येतं.

"अवांती," नीवेस म्हणाली. या आत.

कुणी आलं नाही. फोस्कोनं दार उघडून पाहिलं. लांबलचक बोळ, भिंतीला टेकवलेल्या गाद्या, डांबराच्या गोळ्यांचा वास. आर्जियाबाई खाली काहीतरी तळत होत्या. तव्याचा आवाज जिन्यातून वर येत होता. हॉटेलात त्यांच्याशिवाय दुसरी बाई नव्हती.

"पाइपातून आला असेल," तो म्हणाला. "अशा जुन्या इमारतीत खालच्या मजल्यावर शिंकलं तरी वर ऐकू येतं."

नीवेस उठून बसली होती. संध्याकाळी आर्जियाबाईंनी रश्शात शिजवलेल्या जाड शेवया वाढल्या, तेव्हा तिनं वाडगा निपटून पुसून खाल्ला आणि वर गरम भाकरी मागून घेतली. फोस्को चमचा हातात धरून बघतच राहिला.

सेनिगाल्लियाला त्यांनी बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानावरची खोली घेतली. खाली काचेच्या पेट्यांवर प्लॅस्टिक घातलेलं होतं आणि वारा सुटला की ते रात्रंदिवस फडफडे. पहिल्याच दुपारी तोच आवाज, तोच शब्द. नीवेसनं इतक्या चटकन उत्तर दिलं, की ती वाटच बघत असावी.

"तिचाच आहे," ती म्हणाली.

मार्झिया बोलोन्याला नोकरीला लागल्यावर शनिवारी घरी यायची, तेव्हा स्वतःच्या किल्लीनं दार उघडून दारातच थांबायची आणि परक्यासारखा आवाज काढून "पेर्मेस्सो?" म्हणायची. पाहुणी लागून गेलीस का, म्हणून नीवेस आतून ओरडायची. दर शनिवारी तीच थट्टा आणि तेच ओरडणं. तो आवाज बाप विसरेल कसा?

"तू पण ऐकलंस ना?" नीवेसनं विचारलं.

"ऐकलं," तो म्हणाला. खोटं कशाला बोला, त्यालाही बरं वाटलं होतं.

पुढचे दिवस विचित्र होते, आणि सुखाचेही. नीवेसच्या गालांवर रंग चढला. तिनं बांगड्याएवढे मासे कसे तळावेत यावरून कोळणीशी वाद घातला. फोस्कोच्या स्वेटरची उसवलेली कोपरं शिवली आणि शिवताना त्याला वेंधळ्या म्हणाली. तो मनात म्हणाला, पाइप असो नाहीतर काही असो, माझी बायको जेवतेय. जास्त खोलात शिरायचं नाही.

पण खोलीत आता कापराचा वास यायला लागला होता. आजारपणात मार्झियाच्या पाठीला ते जे मलम चोळायचे, त्याचा वास. फोस्को खिडकी उघडायला गेला की नीवेस त्याचा हात धरायची. आणि आवाज आता बोळातून येत नव्हता. पहिल्या दिवशी तो नक्की दाराबाहेर वाटला होता. आता तो कपाटाकडून यायचा, कधी पलंगाच्या पायथ्याकडून. एकदा फोस्को दाढी करत होता, तर अगदी पाठीशी आला. आरशात त्याच्या मागे फक्त टॉवेल होता.

आवाजात थट्टाही राहिली नव्हती. शब्द सभ्यच होता, पण तो दमल्या माणसाचा होता. शेवटच्या दिवसांत ती पाणी मागायची, तसा.

वास्तोला पोचेपर्यंत नीवेसनं बाहेर पडणंच सोडलं. गाव वर टेकडीवर होतं, खोली खाली रिकाम्या किनाऱ्याजवळ. ओळीनं सगळ्या इमारतींची लोखंडी शटरं पडलेली होती. मालक किल्ली देऊन वर गावात निघून गेला होता. नीवेस दिवसभर खोलीच्या दाराला खुर्ची लावून तिच्यावर बसायची, विणकाम करायची, हलक्या आवाजात बोलायची. फोस्को तिचं जेवण बाहेरून आणायचा. ती पोटभर जेवायची. आत्ताशी कुठे बायको परत मिळाली होती आणि त्याला त्या खोलीत परत जायची भीती वाटायला लागली होती.

रविवारी चर्च सुटल्यावर तो वर गावात मिठाई घ्यायला गेला. नीवेसला मलईचे पेढ्याएवढे केक आवडत. दुकानात ही गर्दी होती. कोट, टोप्या, पोरं, कॉफीचे कप. तो दाराजवळ रांगेत उभा होता. मागून एक बाई म्हणाली, "पेर्मेस्सो," आणि तो न बघताच बाजूला सरला. ती हातातला मिठाईचा पुडा सांभाळत त्याच्या खांद्याला घासून गेली आणि दारातून रस्त्यावर उतरली.

फोस्को तसाच उभा राहिला. मागचा माणूस म्हणाला, आजोबा, पुढे सरका की. त्याला ते ऐकूच आलं नाही.

शब्द तोच होता. उंबऱ्यावर उभं राहून म्हटला तर, येऊ का? आणि माणसांत अडकून म्हटला तर, जरा वाट द्या, मला जायचंय. दिवसातून दहादा आपण हे ऐकतो आणि बाजूला होतो.

मार्झिया गेली ती घरीच, तिच्या जुन्या खोलीत. त्यांच्याकडे माणूस गेलं की घरातलं कुणीतरी उठून खिडकी उघडतं. का ते कुणी बोलत नाही, पण उघडतात. त्या दिवशी शेजारीण उठली होती. नीवेस म्हणाली, नको, थंडी लागेल तिला. आणि खिडकीला पाठ लावून उभी राहिली. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग कुणीच काही म्हटलं नाही. फोस्कोनंही नाही.

मिठाई न घेताच तो खाली आला.

नीवेसनं खुर्ची जेमतेम बाजूला करून त्याला आत घेतलं आणि पुन्हा दाराला लावून बसली. खोली उबदार होती. कापराचा वास इतका होता की त्याचे डोळे चुरचुरले.

"नीवेस, ती आत यायला बघत नाहीये. तिला बाहेर जायचंय."

"मला ठाऊक आहे," नीवेस म्हणाली. सुया चालूच होत्या.

"कधीपासून?"

"चेर्वियापासून. आई आहे मी तिची. ती कशाला काय म्हणते ते मला नाही कळणार?"

फोस्को पलंगावर बसला. त्याला बायकोचा राग आला नाही. तिची दया आली.

"मग तू अवांती का म्हणतेस?"

"काय म्हणू दुसरं? जा म्हणू?" तिनं विणकाम मांडीवर ठेवलं. "ती गेली तेव्हा माझ्यात काय उरलं होतं, तू पाहिलंयस. आता जेवते, झोपते, तुझ्याशी भांडते. आणि ती एकटी जाईल कुठे? तिला रस्ता कधी सापडलाय? बोलोन्यात स्टेशनवरून खोलीवर जायला घरी फोन करायची. कुणीतरी बरोबर पाहिजे तिला."

"पेर्मेस्सो," आवाज आला. फोस्कोच्या कोपराशी, अगदी हळू.

नीवेसनं खुर्ची दाराला आणखी घट्ट लावली.

"पेर्मेस्सो."

"नीवेस, मागतेय ती," फोस्को म्हणाला. "पोरगी मागतेय आणि आपण दार अडवून बसलोय."

नीवेसनं त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं. लग्नाच्या दिवशीही तिनं त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं. मग ती उठली, खुर्ची ओढत खिडकीशी नेली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

"उघड," ती म्हणाली. "माझ्यानं नाही व्हायचं. तू उघड."

फोस्कोनं दार उघडलं. बोळात अंधूक उजेड होता आणि समुद्राचा गार वास. तो दाराच्या चौकटीला टेकून बाजूला झाला. पोट आत ओढून, जशी वाट देतात तशी.

कापराचा वास त्याच्या छातीवरून गेला. त्याच्या बाहीला काहीतरी घासलं. फार हलकं, आजारपणात तिचं वजन तेवढंच उरलं होतं.

मग वास नव्हता.

तो दार धरून रडला. वर्षभरात पहिल्यांदाच, तोंड वेडंवाकडं करून, पोरासारखा. रडता रडता त्याला हलकंही वाटलं. आता घरी जायचं, त्यानं ठरवलं. खिडक्या उघडायच्या. नीवेसला हळूहळू जेवू घालायचं, भरवावं लागलं तरी भरवायचं.

"पेर्मेस्सो," मागून नीवेस म्हणाली.

तिचाच आवाज, जरासा घोगरा, घाईतला. शाळेत गरम भांडं घेऊन बाकांमधून जाताना म्हणायची तसा. फोस्को न बघताच सरकला. जिन्यापर्यंत जाऊन बघायचं असेल तिला, बघू दे. तिचा खांदा त्याच्या छातीला लागला, नेहमीसारखा.

"अगं, बाहेर गार आहे," तो डोळे पुसत म्हणाला. "थांब, कोट देतो."

तो कोट घ्यायला वळला.

कोट नीवेसच्या अंगावर होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. ती खुर्चीत खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि तिची मान खांद्यावर कलली होती.