सिमल्याचा पडदा

इशिता, ती सिमल्याची तिकिटं आतल्या कप्प्यात ठेव आणि बस इकडे. अथर्व, तूही ये. वीज यायला अजून तासभर लागेल, आणि मे महिन्याच्या या उकाड्यात झोप कुणाला येणार?

भुताची गोष्ट हवी म्हणता. तशा गोष्टी मला येत नाहीत. एक झालेली सांगतो. माझा मित्र गुणाजी, त्याच्या बाबतीत झालेली.

"तो स्टेशनरोडचा स्टुडिओवाला? बंद असतो तो?"

तोच. तेव्हा बंद नव्हता. मी तेव्हा मास्तर होतो, शाळा सुटली की रोज तिथं चहाला थांबायचो.

१९९५ साली दसरा झाल्यावर गुणाजी सकाळच्या एसटीनं रोह्याहून पेणला गेला. काम साधं होतं. पेणजवळ हमरापूरला रघू पेंटर होता, गणपती रंगवणारा. विसर्जन झालं की त्याचे हात रिकामे, मग तो नाटकांचे आणि स्टुडिओंचे पडदे रंगवायचा. गुणाजीनं त्याला सिमला सांगितला होता. पडदा अंगणात उलगडला, तर मागे देवदार, डोंगर आणि पायथ्यापर्यंत उतरलेला पांढराशुभ्र बर्फ.

"बर्फ कुठं बघितलास रे?" गुणाजीनं विचारलं.

"मी कशाला बघतोय! डोंगर कॅलेंडरवरनं घेतला. बर्फ मिठागरावरनं. मिठाच्या राशी सकाळच्या उन्हात दिसतात, तसा मारलाय. रोह्यातलं कोण जातंय तपासायला?"

खरंच कोणी गेलं नाही. पडदा लागला आणि अख्खा रोहा सिमल्याला जाऊन आला. नवी जोडपी, कॉलेजची पोरं, एक तर अख्खं भजनी मंडळ. तुमच्या काकूलाही तिथं फोटो काढायचा होता. मी म्हटलं, लतिका, पडद्यापुढं कशाला? खरंच नेईन की.

...असो.

गुणाजीला एक सवय होती. फोटो पासपोर्टचा असो की लग्नाचा, गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी मागे शिक्का मारायचा. 'गुणाजी फोटो स्टुडिओ, रोहा.' बोलता बोलता हात आपोआप जायचा.

नोव्हेंबरात त्याच्याकडे नाथा आला. रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत कामाला, तिथंच खोली करून राहायचा. घर पेणकडच्या खाडीवर, शनिवार-रविवारी जायचा. त्याची बायको शांती मिठागरावर मीठ वाहायची. लग्न झालं तेव्हापासून नाथा तिला सांगत आलेला, तुला एकदा सिमला दाखवतो. नऊ वर्षं सांगत होता. त्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. छातीचं दुखणं होतं.

"गुणाजीशेठ, आता काय ती सिमला बघत नाय," नाथा म्हणाला. "तीच म्हनली, निदान तुमचा तरी फोटो काढून आना तिथला. पडद्याचा का असंना. तेवढंच बरं वाटंल तिला."

गुणाजी हळवा माणूस. त्यानं घरून स्वतःचा स्वेटर आणला, मफलर आणला, नाथाला नीट उभा केला. पडद्याच्या जरा उजवीकडे, देवदाराखाली. फोटो झकास आला. मागे शिक्का मारला, पाकिटात घालून दिला.

यातलं खोटं काय होतं, ते गुणाजीला कुठं माहीत?

आता ती रात्र. ८ डिसेंबर १९९५. शुक्रवार. पावणेनऊ वाजले होते. दत्तजयंती नुकतीच झालेली, बाहेर चांदणं. गुणाजीनं शटर अर्धं ओढलं होतं. दिवा मालवायला वळला, तर बाई आत उभी.

हिरवं लुगडं. पाय अनवाणी, पांढरे पडलेले. मिठागरावरच्या बायांचे असतात तसे.

"बंद झालं गो बाय. उद्या ये."

"उद्या नाय जमायचं, दादा. येकच फोटो."

इतकी गरीब वाटली की त्याला नाही म्हणवेना. त्यानं दोन्ही मोठे दिवे लावले. ती पडद्यासमोर जाऊन थांबली. बघत राहिली.

"ह्ये सिमला काय?"

"व्हय."

"हितनं खरा सिमला किती लांब हाय?"

"लय लांब. दिल्लीच्या पन पुढं. दोन दिवस गाडीत."

"मंग आमचे हे पेणवरनं सव्वा तासात कसे पोचले?"

गुणाजी हसला. त्याला वाटलं, चेष्टा करतेय. मग तिनं पदराखालून फोटो काढला. नाथाचा. तोच स्वेटर, तोच मफलर. तिनं तो उलटा केला आणि शिक्क्यावर बोट ठेवलं.

"चवथीपर्यंत शिकलेय मी. रोहा लिवलंय."

गुणाजी शिक्क्याकडे वाकला. "अगो, तूच सांगितलंस ना त्याला? पडद्याचाच फोटो आन म्हणून?"

"मी?" ती म्हणाली. "मना सांगितलं, कंपनीची ट्रिप हाय, धा दिवस सिमल्याला चाललो. मी म्हनलं, मना टाकून? तर म्हनले, तू बरी झालीस की परत जाऊ. धा दिवस मी वाट बघितली, दादा. पानी द्यायला शेजारीन. आनी हे हितं. धाटावच्या खोलीवर. पत्ते खेळत."

ती रडत नव्हती. आवाजही चढला नव्हता.

"मना टाकून सिमल्याला जेले असते, तरी चाललं असतं. पन हे तर जेलेच नाय."

गुणाजीनं मान खाली घातली. नाथानं त्यालाही फसवलं होतं. पण स्वेटर त्याचा होता. पडदा त्याचा. शिक्काही त्याचाच.

तिनं पडद्याला हात लावला. "ह्यो बर्फ नाय. मीठ हाय. ही आमची रास. मी डोक्यावर वाह्यलंय, मना नाय कळायचं?"

मग ती उभी राहिली. डावीकडे. उजवी बाजू रिकामी ठेवून.

"जरा मधे सरक," गुणाजी म्हणाला.

"नाय. तिथं हे उभे व्हते."

त्यानं कॅमेऱ्याला डोळा लावला. एवढे दिवे तापलेले... आणि तिच्या तोंडातून वाफ निघत होती. थंडीत निघते तशी.

त्याची बोटं गारठली. कसंबसं बटण दाबलं.

"झाला," तो म्हणाला. "कधी नेशील?"

"नको मना. जाते."

आता इथं ऐका. आपल्याकडे घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत. गुणाजी जुन्या वळणाचा माणूस. पोरंबाळं, गिऱ्हाईक, कुणीही 'जातो' म्हटलं की हा लगेच टोकायचा. त्या वेळीही तोंडातून गेलंच.

"जाते म्हनू नये गो बाय. येते म्हनावं."

ती थांबली.

पाठमोरी होती. 

"...येऊ?"

"ये की. कधीपन ये."

"येते."

त्यानं वाकून एक दिवा मालवला. सरळ झाला. स्टुडिओत कोणी नव्हतं. शटर अर्धंच होतं. वाजलं नव्हतं.

"काका..." 

थांब अथर्व. संपलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दुपारी मी चहाला बसलेलो असताना नाथा आला. दाढी वाढलेली. हातात लग्नातला ग्रुपफोटो.

"गुणाजीशेठ, यातली बायको तेवढी मोठी करून द्या. भिंतीला लावायचीय. दहाव्याच्या आत पायजे."

गुणाजीनं फोटो घेतला. चेहरा बघितला. मी त्याच्याकडे बघत होतो. त्यानं तो फोटो दिव्याखाली नेऊन पुन्हा बघितला.

"कधी गेली?"

"सोमवारी."

सोमवारी. म्हणजे चार तारखेला.

"सिमल्याचा फोटो मुठीत व्हता," नाथा म्हणाला. "सुटता सुटंना. तसाच दिला तिच्यासंगं. जळला." मग हळूच विचारलं, "तिला बरं वाटलं असंल ना वो, फोटो बघून?"

गुणाजीनं ग्रुपफोटो टेबलावर ठेवला.

"नाथा, तिला वाचता येत होतं?"

"व्हय. चवथी शिकलेली. का?"

गुणाजीनं टेबलावरचा एक फोटो उचलला, कुणाचा तरी, आणि उलटा करून नाथासमोर धरला.

नाथानं शिक्का वाचला.   ग्रुपफोटो तिथंच टाकून निघून गेला. पुन्हा रोह्यात मी त्याला पाहिलेला नाही. धाटावचं काम सोडलं म्हणतात.

तो रोल गुणाजीनं धुवायला दिलाच नाही. उन्हात ओढून सगळा बाद केला. पडदा गुंडाळून दोरीनं बांधला. लोक विचारायचे, तर म्हणायचा, सिमल्यात दंगल आहे, बंद ठेवलाय. लोक हसायचे.

वर्ष गेलं. ८ डिसेंबर १९९६, रविवार. संध्याकाळी गुणाजी माझ्या घरी आला. म्हणाला, "मास्तर, जरा चल माझ्याबरोबर. दुपारपासून स्टुडिओत गारवा आहे. मला एकट्याला जाववत नाही."

आम्ही गेलो. बंदच होतं सगळं. पडद्याच्या दोरीची गाठ त्यानं वर्षापूर्वी मारलेली, तशीच. धूळही तशीच. दोघांनी मिळून पडदा वर टांगला आणि सोडला.

दिवा लावला.

...

रंग कुठं खरवडला नव्हता. दाबला गेला होता. मिठाच्या राशीवरून चाललं की पाऊल रुततं ना, तसा. अनवाणी पावलं. अगदी वर, देवदारांच्या मागे, नखाएवढी. मग बोटाएवढी. मग मोठी... मोठी...

वर जाणारं एकही नव्हतं. सगळी खाली येणारी.

मी गुडघ्यावर बसलो. पडदा जिथं संपतो तिथं, जमिनीपासून दोन बोटं वर, शेवटचं पाऊल होतं. मापानं बाईमाणसाच्या पायाएवढं.

पण अर्धंच.

टाच पडद्यावर होती. बोटं नव्हती.