चार नंबरची शांत खोली

"गादीला नऊ! उशीला आठ!" चार नंबरच्या खोलीत पलंगावर उड्या मारत भोपळ्या ओरडला.

"गादी उड्या मारून तपासतात होय रे? उतर आधी!" खारूताईने मावसभावाचा पाय ओढला.

भोपळ्याची आई, म्हणजे खारूताईची मावशी, पर्यटकांसाठी पुस्तकं लिहायची. समुद्रात बुड्या मारायला येणाऱ्यांच्या या चिमुकल्या बेटावर खोल्या कितपत आरामाच्या आहेत, हे ती बघायला आली होती. सुट्टी होती, म्हणून ही दोघं आणि आज बुडी मारणार असलेला मामाही सोबत!

खारूताईकडे आवाजाचं खातं होतं. ती डोळे मिटून ऐकू लागली. लाटा. एक पक्षी. बस्स!

"आवाजाला दहापैकी..." ती अडखळली. "ए, काल या भिंतीमागे जनरेटर धडधडत होता. कान किटले होते नुसते! आज कुठे गेला?"

"बंद असेल."

"बेटावर दुसरी वीज नाही, आणि एसी चालू आहे. तुझं डोकं खरंच भोपळा आहे!"

बाहेर व्यवस्थापक काका भेटले. "हलवला, पहाटेच! आता मावशींना दहापैकी दहा द्यावेच लागणार. जा, खेळा तिकडे!"

खेळायला कोण जातंय! वायरीचा माग काढत दोघं एका शेडमागे पोचली आणि जागच्या जागी थिजली.

शेडमध्ये बुडी मारणाऱ्यांच्या पाठीवरच्या टाक्यांत हवा भरायचं यंत्र होतं. बाहेरची हवा ओढणारी त्याची नळी भिंतीतून डोकावत होती. तिच्यापासून वीतभर अंतरावर जनरेटर काळा धूर ओकत होता. थेट नळीच्या तोंडात!

"टाक्या आज सकाळीच भरल्यात," भोपळ्या पुटपुटला.

"मामा!" खारूताई किंचाळली.

दोघं धक्क्याकडे जिवाच्या आकांताने धावली. मामा पाठीवर टाकी बांधून होडीच्या काठावर बसला होता. नळी तोंडाजवळ!

"मामा, श्वास घेऊ नकोस!"

"का गं? मासे रागावतील?" मामा हसला.

मागून व्यवस्थापक धापा टाकत आले. "पोरांचं काय ऐकता! आमची हवा एक नंबर!"

"मग तुम्हीच घ्या ना वास, काका. सगळ्यांसमोर!"

आता माघार कशी घेणार? ते ऐटीत वाकले, टाकीची कळ किंचित फिरवली आणि ठसकत मागे सरले. "अरे बापरे! डिझेल..."

बुड्या मारायला शिकवणाऱ्या प्रशिक्षक बाईंनी त्यांना बाजूला सारून स्वतः वास घेतला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "ही हवा घेऊन खोल गेलं की चक्कर आलेलीही कळत नाही. माणूस झोप लागल्यासारखा जातो. टाक्या मी भरल्या, पण शेडमागे जाऊन बघितलं नाही."

गलका ऐकून धावत आलेल्या मावशीने दोघांना घट्ट जवळ ओढलं, इतकं घट्ट की भोपळ्या "आई, गुदमरतोय!" म्हणाला.

बाईंनी आठही टाक्या उघडल्या. फुस्स, फुस्स करत त्या रिकाम्या होऊ लागल्या. "पोरांनो, आज तुम्ही माझ्याहून चोख काम केलंत," त्या म्हणाल्या.

शेवटची टाकी रिकामी होईपर्यंत मामाने खारूताईचा हात सोडला नाही.

"यातला पहिला श्वास माझा असणार होता गं," तो हळूच म्हणाला.