नीरू कोण?

मडक्यात आई नव्हती.

हे कळल्यावर लुंबिनी रडली नाही, तिनं कुणाला हाकही मारली नाही. पांढरं फडकं बाजूला ठेवून तिनं राखेत पुन्हा एकदा बोटं फिरवली. राख मऊ होती, चाळलेल्या पिठासारखी. स्मशानात तिनं स्वतःच्या हातांनी हे मडकं भरलं होतं. तेव्हा राखेत हाडाचे खडबडीत तुकडे होते, आणि आईच्या बांगडीचा वितळून झालेला हिरवा काचेचा थेंब होता. तो थेंब तिनं मुद्दाम सगळ्यांत वर ठेवला होता.

आता तो नव्हता. हाडाचा कणही नव्हता. हाती लागलं ते मिरचीचं जळकं देठ.

तिनं फडकं होतं तसं बांधलं आणि हात धुतले.

बाहेर मंडपात पांढऱ्या साड्या नि पांढरे सदरे जमायला लागले होते. दुपारच्या आत भंतेजी येणार होते. जलदान विधी झाला की विहाराच्या अंगणात पिंपळाचं रोप लावायचं आणि त्याच्या मुळाशी ही राख घालायची, असं ठरलं होतं. ठरवलं लुंबिनीनंच होतं. नांदेडच्या या घरात गेला आठवडाभर सगळं तीच ठरवत होती.

प्रश्न विचारणं हे तिचं कामच होतं. लातूरच्या कुटुंब न्यायालयात ती समुपदेशक होती. वेगळं व्हायला निघालेली जोडपी तिच्या टेबलासमोर येऊन बसत आणि ती शांतपणे विचारत जाई.

स्वतःच्या घरात मात्र तिनं काहीच विचारलं नव्हतं.

आनंदराज, तिचा नवरा, गेली तीन वर्षं दर महिन्याच्या एका शनिवारी तिच्या आईला लातूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचा. दवाखान्यात दिवस मोडतो, हे तिला मान्य होतं. पण गाडीचं पेट्रोल दवाखान्यापुरतं जळत नव्हतं. पुढची डावी सीट दर वेळी पुढं ओढलेली असायची. आई नेहमी मागं बसायची, पुढं गरगरतं म्हणायची. मग पुढं कोण बसतं? लुंबिनी बापाच्या वळणावर गेलेली, उंच. तिथं बसणारी बाई बुटकी होती, एवढं तिनं ताडलं होतं. फोनवर नाव यायचं, ‘रत्ना’. एकदा तो गच्चीत कुणालातरी म्हणाला होता, “अक्का बरी आहे, तुम्ही काळजी करू नका.” ती जिन्यातूनच परत फिरली होती.

वर्षभर दोघं वेगळ्या खोल्यांत झोपत होते. आईचा विधी झाला की त्याला एक वाक्य सांगायचं, हे तिनं ठरवून टाकलं होतं. वाक्य तयार होतं. त्यात ‘सहमतीनं’ हा शब्द होता.

आता मध्येच हे मडकं आलं.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सरजाबाई, तिची आत्या, चूल पेटवत होती. पाहुण्यांचा स्वयंपाक आठवडाभर त्याच चुलीवर होत होता.

“आत्या, काल संध्याकाळी घरात कोण होतं?”

“भुतं होते. समदे तर विहारात गेल्ते वंदनेला.”

“तू?”

“म्या हितं भाकरी थापून राहिले होते. तुजा बाप पुढल्या खोलीत. पाय दुकतो म्हनला, न्हाई गेला.”

“कुणी आलं होतं?”

आत्यानं फुंकणी खाली ठेवली. “जावईबापू आल्ते की. तुला न्हाई सांगितलं?”

लुंबिनीनं चेहरा हलू दिला नाही. काल लातूरला काम आहे, असं आनंदराज म्हणाला होता. आज सकाळी तो थेट लातूरहून आल्यासारखा आला होता.

“एकटाच?”

“न्हाई. बाईमाणूस व्हतं संगं. ठेंगणी. चेहरा म्या न्हाई बगितला बाई, माजी भाकर करपून राहिली होती. आसंल हापिसातली कुनी. तू उगं डोस्कं नको लावू.”

“किती वेळ होते?”

“च्याबी न्हाई घेतला. माज्या भाकरी व्हायच्या आत गाडी गेली बी.”

“म्हणजे गाडी गेली तेव्हा चूल पेटलेली होती?”

“मंग काय थंड्या चुलीवर भाकरी करू? वकिलावानी काय इचारती गं! आन एक ऱ्हायलंच. सकाळी बगते तं चूल निस्ती चाटूनपुसून साफ. त्वाच काढली न्हवं राख?”

“हो,” लुंबिनी म्हणाली. “मीच काढली.”

शेडच्या खांबाला टेकून ती जरा वेळ उभी राहिली. पाहणाऱ्याला वाटलं असतं, पोरीला आईची आठवण आली.

गाडी गेली तेव्हा चुलीत जाळ होता. मडक्यातली राख चुलीतली, म्हणजे ती चूल विझल्यावर भरलेली. तोवर आनंदराज या गावात नव्हता. आईला नेणारा एक आणि तिच्या जागी राख भरणारा दुसरा.

आनंदराज गेटपाशी खुर्च्या मोजून घेत होता. तिनं त्याला गाडीकडं बोलावलं.

“काल संध्याकाळी तू इथं आला होतास.”

“हो.”

“बरोबर बाई होती.”

“हो.”

“रत्ना?”

त्यानं मान वर केली. तीन वर्षांत हे नाव तिच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं होतं.

“तुला माहीत होतं?”

“फोनवर नाव येतं. मला वाचता येतं.”

“मग विचारलं का नाहीस?”

“आता विचारतेय. कोण आहे ती?”

“ते मला सांगता येत नाही, लुंबिनी. शब्द दिलाय.”

“कुणाला?”

त्याची नजर मंडपात गेली आणि हार घातलेल्या फोटोवर जाऊन थांबली. आईच्या फोटोवर.

“मडकं तू रिकामं केलंस?”

“नाही.”

“ती बाई जाताना काही घेऊन गेली?”

“मांडीवर एक पिशवी होती. वाटभर दोन्ही हातांनी धरून बसली होती. काय आहे ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.”

लुंबिनीनं गाडीचं डावं दार उघडलं. सीट पुढं ओढलेलीच होती. खाली पायपुसण्यावर एक पांढरी वडी पडली होती. खडूसारखी, पण खडू नव्हे. तिनं ती उचलून बोटांत चोळली. विभूती. लातुरात शेजारचे लिंगायत आजोबा रोज सकाळी कपाळावर तिचीच तीन बोटं ओढायचे.

आणि मग तिला कचेरीतले लिंगायत ईश्वरप्पा आठवले. ते गेले तेव्हा ती शेवटच्या दर्शनाला गेली होती. त्यांना आडवं निजवलेलं नव्हतं. मांडी घालून, हार घालून, बसवलेलं होतं. तसंच बसवून त्यांना नेलं आणि तसंच खड्ड्यात पुरलं.

बसवलेलं.

हा शब्द तिनं गेल्याच आठवड्यात ऐकला होता. आईला अंगणात निजवलं होतं, तेव्हा गर्दीतून इरकली लुगड्यातली एक बुटकी म्हातारी पुढं आली. आईकडं बघत राहिली आणि म्हणाली, “बसवलं न्हाई का तिला?” भ्रमिष्ट दिसते, असं कुणीतरी पुटपुटलं. उत्तर फक्त बाबांनी दिलं होतं. “न्हाई जमलं,” एवढंच.

लुंबिनीनं दार लावलं. “चल आत. बाबांशी बोलायचंय. तूही हवास.”

साहेबराव पुढच्या खोलीत खाटेवर बसले होते. विद्युत मंडळात लाइनमन म्हणून हयात गेली. खांबावर चढून चढून गुडघे गेले, पण पाठ अजून ताठ. कोपऱ्यात बुद्धमूर्तीपुढं मडकं होतं. आठवडाभर ते त्या खोलीतच झोपत होते. हाताच्या अंतरावर.

तिनं दार लोटलं.

“बाबा, मडक्यात आई नाही.”

त्यांनी काठी जवळ ओढली.

“या खोलीत कुणी आलं नि गेलं, तर ते तुमच्या नकळत होत नाही. काल संध्याकाळी तुम्ही आईची राख पिशवीत घालून त्या बाईला दिलीत. मडकं रिकामं राहिलं. रोपापाशी ते उघडणार, हे माहीत होतं. म्हणून चूल निवल्यावर तिच्यातली राख भरलीत. पहिल्यांदाच केलंत, त्यामुळं नको तितकी साफ केलीत. आत्यानं लगेच ओळखलं.”

साहेबरावांनी गुडघ्यावरचा हात काढून पुन्हा तिथंच ठेवला.

“आता का दिलीत ते सांगते. मला लहानपणापासून सांगितलंत की आई अनाथ, बिदरच्या वसतिगृहात वाढली, माहेर नाही. तसं नव्हतं. आई लिंगायताच्या घरातली होती. तुमची नेमणूक निलंग्याला होती, तिथली. तिला बसवून पुरायला हवं होतं. ती म्हातारी ‘बसवलं न्हाई का’ म्हणाली, तेव्हा एवढ्या गर्दीत तिचा प्रश्न एकट्या तुम्हाला कळला. तुम्ही तिला कोण, कुठली, असंही विचारलं नाही. ती आईची धाकटी बहीण. म्हणून आई तिची अक्का. रत्ना नव्हे, रत्नम्मा असणार.”

शेवटचं वाक्य तिनं आनंदराजकडं बघून म्हटलं. त्यानं भिंतीला पाठ टेकली.

“एवढ्यावरून?” साहेबराव म्हणाले. आवाज घोगरा होता.

“नाही. दवाखान्यात आई शेवटचे दोन दिवस ‘नीरू, नीरू’ म्हणत होती. मी तुम्हाला विचारलं, नीरू कोण? तुम्ही उत्तर दिलं नाहीत. उठलात आणि तिला चमच्यानं पाणी पाजलंत. ती गप्प झाली. मी नीरू नावाची बाई शोधत होते, बाबा. ती कानडीत पाणी मागत होती.”

बाहेर माइकवर कुणीतरी फुंकर मारत होतं.

“गौरम्मा,” साहेबराव म्हणाले. “नाव. महामाया म्या ठिवलं, लग्नात. भाऊ मारायला टपले व्हते. म्हनून नाव बुडवलं, गाव बुडवलं. त्यांनी काय केलं ठाव हाय का? शेतात हिच्या आईच्या समाधीजवळ खड्डा काढला आन हिचं लुगडं पुरलं. आमची पोर मेली, म्हनून गावजेवान घातलं.” त्यांनी कोपऱ्याकडं पाहिलं. “दवाखान्यात मला म्हनली, मला लुगड्याजवळ ठेव. त्वा समदं ठरवून ठिवलं व्हतं. तुला काय सांगू? कुठून सांगू?”

“भाऊ?”

“मेले कवाचे.”

“मग तेव्हा का नाही सांगितलंत?”

“सवय झाल्ती.”

“शनिवारी ती निलंग्याला जायची, माहीत होतं?”

“लातूरहून आली की झोपेत कानडी बोलायची. म्या ऐकत पडायचो.”

“विचारलं नाही?”

“ती सांगंना. म्या इचारंना. तिला वाटलं, म्या जाऊ नको म्हनंन. म्या म्हनलो नसतो.”

लुंबिनीनं आनंदराजकडं पाहिलं. त्याचे डोळे खाली होते.

“मामी म्हणाल्या, मामांना कळू देऊ नका,” तो म्हणाला. सासूसासऱ्यांना तो मामी-मामाच म्हणायचा. “लुंबिनीला तर नकोच. ती बापाला तोंडावर विचारील.”

“आणि मला काय वाटत होतं, ते तुला कळत होतं?”

“कळत होतं.”

“तरी?”

“तू विचारशील, असं वाटत होतं. विचारलं असतंस तर शब्द मोडला असता.”

तिला राग यायला हवा होता. तिनं वाट पाहिली. आला नाही. सुटकाही वाटली नाही.

“भंतेजी आले,” दारातून आत्यानं हाक दिली.

विधी ठरल्याप्रमाणं झाला. त्रिशरण झालं, पंचशील झालं. भंतेजींचं पुण्यानुमोदन सुरू झालं, तसं घरच्यांनी एकमेकांना हात लावून झारीतलं पाणी परातीत सोडलं. झारी बापाच्या हातात होती, लेकीचा हात बापाच्या हाताखाली. धार सरळ पडत होती. साहेबरावांचे ओठ हलले. ते काय म्हणाले, ते माइकमुळं कुणाला ऐकू गेलं नाही. लुंबिनीला गेलं: “नीरू, गौरम्मा.”

विहाराच्या अंगणात तिनं चुलीची राख पिंपळाच्या मुळाशी घातली, वर माती लोटली आणि तळव्यानं दाबली. कुणाला काही सांगितलं नाही. मिरचीचं देठ तेवढं वेचून काढलं.

जेवणाच्या पंगती बसल्या, तशी ती गाडीपाशी आली.

“निलंग्याला चल.”

“आत्ता?” आनंदराज म्हणाला.

“पुरलं असेल का?”

“नाही. रत्नम्मा थांबल्यात. मामांना घेऊन ये म्हणाल्या होत्या. मामा नको म्हणाले.”

तिनं मागं पाहिलं. मंडपाच्या कडेला साहेबराव काठी टेकून उभे होते. लुंबिनीनं मागचं दार उघडून धरलं. ते आले, बसले, काठी पायांमध्ये उभी धरली.

ती पुढं बसली. गुडघे समोर आदळले.

“आई तर मागं बसायची,” ती म्हणाली.

“तुझ्यासमोर. निलंग्याला जाताना पुढं बसायच्या. नजर गेलीच होती, तरी म्हणायच्या, रस्ता दिसला पाहिजे.” त्यानं किल्ली फिरवली. “सीट मागं घे. अडकलीयेस.”

“राहू दे.”

गाडी लोह्याच्या रस्त्याला लागली. मागं साहेबरावांचा डोळा लागला असावा, किंवा ते डोळे मिटून बसले असावेत.

“तू आज मला काहीतरी सांगणार होतीस,” आनंदराज म्हणाला. “आठवडाभर दिसतंय.”

“होते.”

“मग?”

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. वाक्य अजून तसंच होतं, शब्द न शब्द. फक्त ते आता कुणाचं आहे, ते तिला कळेना.

“आधी विचारते,” ती म्हणाली. “सगळं. तू उत्तरं द्यायची.”

“विचार.”

लोहा गाव आलं. स्टँडपुढची गर्दी मागं पडली, तेव्हा ती म्हणाली, “कानडीत आईला काय म्हणतात?”

“अव्वा.” उत्तर मागून आलं होतं.

लुंबिनीनं तो शब्द तोंडात धरून पाहिला. मोठ्यानं म्हटला नाही. मग पायाशी पडलेली पाण्याची बाटली उचलून तिनं मागं बापाच्या हातात दिली.

“पुढं विचार,” आनंदराज म्हणाला.